सेटिंग ठेवायची कुठे?



"तू नेमकं काय करतेस गं?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. उत्तर म्हणून आमच्या धंद्यातला एक जुना वाद सांगते. कोड दाखवणार नाही, घाबरू नका.

वेबसाइटवर रोज येणारी माहिती, म्हणजे बातम्या, अर्ज, पावत्या, डेटाबेसमध्ये जाते. त्यावर वाद नाही. पण अर्जात कोणते रकाने हवेत, कोणाला काय दिसावं, हे ठरवणाऱ्या सेटिंग्ज कुठे ठेवायच्या? साध्या मजकुराच्या फाइलीत की डेटाबेसमध्ये?

जावाच्या स्ट्रट्समध्ये हे सगळं एक्सएमएलच्या लांबलचक फाइलींत असे. साधं एक पान जोडायचं तरी इंजिनिअर हवा. वर्डप्रेस आणि जुनं ड्रुपल यांनी बहुतेक सेटिंग्ज डेटाबेसमध्ये ठेवल्या. क्लिक केलं की बदल झाला! पण तो कोणी केला, काल तिथे काय होतं, हे कळायला मार्ग नाही. शिवाय चाचणीच्या साइटवर केलेली चाळीस क्लिक खऱ्या साइटवर पुन्हा हाताने करायची.

2015 मध्ये ड्रुपल 8 आलं आणि सेटिंग्ज यॅमल फाइलींत उतरवून घेता येऊ लागल्या. चालू साइट अजूनही डेटाबेसमधूनच वाचते, पण फाइली गिटमध्ये राहतात आणि प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद होते. (पासवर्ड मात्र त्यात कधीही ठेवू नयेत.) यॅमलचे नखरेही आहेत. नॉर्वेचा कोड 'एनओ' अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर जुन्या नियमांप्रमाणे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. अख्खा देश गायब!

माझं मत विचाराल तर वेग वगैरे नंतर बघावं. ही गोष्ट बदलणार कोण, ते आधी विचारावं. इंजिनिअर बदलणार असेल तर फाइल, कार्यालयातली माणसं बदलणार असतील तर डेटाबेस.

एका संस्थेचा ऑनलाइन प्रवेशअर्ज होता. अर्जाची रचना आणि तो बंद होण्याची तारीख, दोन्ही यॅमलमध्ये. कार्यालयातल्या ताईंनी साइटवर जाऊन मुदत आठवडाभर वाढवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तसं बटणच दिलेलं होतं. दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी नवी आवृत्ती चढवली गेली, फाइलींतली जुनी तारीख परत आली आणि अर्ज बंद झाला. लांबच्या गावांतून फोन यायला लागले, तेव्हा कुठे ते लक्षात आलं. काम आमच्याकडे आल्यावर आम्ही तारीख फाइलींतून काढून डेटाबेसमध्ये नेली. रकाने फाइलींतच ठेवले, कारण एखादा रकाना गेला की पुढचे सगळे तक्ते बिघडतात. आता मुदत त्या ताईच वाढवतात, आम्हाला फोन करत नाहीत.