पदव्युत्तर विद्युत शिक्षण आणि विद्यावेतन

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या कुटुंबातील मुलगी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेते, तेव्हा घराचे डोळे तिच्या पहिल्या पगाराकडे लागलेले असतात. आणखी दोन वर्षे शीक, असे म्हणणे सोपे. तो काळ निभावणे अवघड.

बेळगावात 1998 साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाल्यापासून एम. टेक्.साठी दूरदेशी जाण्याची सक्ती उरलेली नाही. ‘गेट’ परीक्षेत पात्र ठरलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यास मान्यताप्राप्त संस्थेत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून या परीक्षेस बसता येते. शिक्षकांनी ही गोष्ट त्याच वेळी सांगावयास हवी.

कारखान्यातील उमेदवारीचा मार्ग निराळा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कक्षेत 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंतेही आले. 2019 साली त्यांचे किमान मासिक विद्यावेतन 9,000 रुपये ठरले. आधी ही उमेदवारी आणि मग एम. टेक्., हा क्रम पुष्कळ घरांना परवडेल.

उद्यमबागेत शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. फाउंड्रीतील इंडक्शन भट्टी सुरू झाली की विद्युतप्रवाहाचे तरंग बिघडतात, हार्मोनिक्स उद्भवतात. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी न मोजता कपॅसिटर वाढविले, तर अनुनाद होऊन तेच निकामी होतात. हे फळ्यावर शिकविता येते. पण रात्रपाळीत मीटर लावून स्वतः पाहिलेले विसरले जात नाही. त्यातून प्रबंधाचा विषय निघतो, आणि कारखानदाराचे नुकसानही टळते.

मात्र विद्यावेतन, मुदत आणि मार्गदर्शकाचे नाव लेखी घेतल्याविना रुजू होऊ नये. शिष्यवृत्ती चालू असताना दुसरे विद्यावेतन घेता येईल काय, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.