कवी आणि शिक्षक : शंकर वैद्य

कवी शंकर वैद्य यांचा जन्म १५ जून १९२८ रोजी पुणे जिल्ह्यातील ओतूर इथे झाला. वैद्य यांनी मराठीचे प्राध्यापक म्हणून अनेक पिढ्यांना कविता शिकवली. ‘कालस्वर’ आणि ‘दर्शन’ हे त्यांचे कवितासंग्रह, तर ‘आला क्षण गेला क्षण’ हा कथासंग्रह. ‘पालखीचे भोई’ या कवितेत, आत कोण आहे हे न विचारता ओझं वाहणाऱ्यांची व्यथा आहे. कुसुमाग्रजांच्या निवडक कवितांचं ‘प्रवासी पक्षी’ हे संकलन त्यांनी साक्षेपाने सिद्ध केलं. समीक्षक सरोजिनी वैद्य त्यांच्या पत्नी. २३ सप्टेंबर २०१४ रोजी मुंबईत शंकर वैद्य यांचं निधन झालं.