घास आणि शब्द



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. बोलणाऱ्याने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, एवढ्या साध्या सोयीवर ही परंपरा उभी आहे. ज्यांची ती सोयच हरपली, त्यांच्याविषयी पंतसचिवांच्या या भोर गावात मला आज चार शब्द बोलायचे आहेत.

वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीतले घर डोळ्यांपुढे आणा. काल भाताच्या खाचरात उभे असलेले आजोबा आज अंथरुणावर आहेत. अंगावरून वारे गेले आहे. त्यांना पाणी हवे आहे, पण तोंडातून येते 'दिवा'. नात दिवा आणते. म्हातारा चिडतो, रडतो. घरचे म्हणतात, "आजोबांना भ्रम झाला." येथेच पहिली चूक होते. भ्रम झालेला नाही. आपल्याकडे वाणीची चार रूपे सांगितली आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. दृष्टांतादाखल म्हणतो, आजोबांच्या मनातला अर्थ शाबूत आहे, पण वैखरीपर्यंतची वाट खचली आहे.

ही वाट मेंदूतून जाते, याचा पुरावा १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या वैद्याने पुढे आणला. त्याचा एक रोगी वीसहून अधिक वर्षे 'तां' एवढाच उच्चार करू शकत होता, पण दुसऱ्यांचे बोलणे त्याला बरेचसे समजे. तो वारल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात बिघाड आढळला.

मग उपाय काय? ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, असा रोगी पुष्कळदा आरती मात्र म्हणतो, वार ओळीने सांगतो. पाठांतराची आणि सुरांची वाट पुष्कळदा उरलेली असते. वाचा-उपचार करणारा तज्ज्ञ अशी उरलेली वाट शोधतो आणि तिच्या आधाराने एकेक शब्द परत आणण्याचा प्रयत्न करतो. चित्रे दाखवतो, खुणा शिकवतो. घरच्यांनाही तो शिकवतो: एका वेळी एकच प्रश्न विचारा, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा विचारा, आणि मग थांबा. हे थांबणेच आपल्याला सर्वांत जड जाते!

आता घासाकडे वळू. जी जीभ शब्द घडवते तीच घास मागे ढकलते. घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकाच चौकात येते. गिळताना श्वासाचे दार क्षणभर मिटते. पक्षाघाताने ते वेळेवर मिटले नाही, तर पाणी फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची दुरुस्ती हेही याच तज्ज्ञाचे काम. आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात मायेने ओतलेले चमचाभर पाणी त्याच्या जिवावर बेतू शकते. ठसका लागला तरच धोका, असेही नाही. काहींना ठसका लागतच नाही. जेवणानंतर आवाज ओलसर घोगरा होणे, वारंवार ताप येणे, या खुणा ओळखा. पातळ पाणी घशातून झरकन उतरते. नाचणीच्या दाट पेजेला सावकाश उतरावे लागते, म्हणून काहींना ती सोपी जाते. मात्र कोणाला काय द्यावे, हे तपासणीनंतरच ठरवावे. तोवर तोंडाने काही देऊ नये.

मुलांच्या बाबतीत आपण वाट पाहत बसतो. "त्याचा बापही उशिराच बोलला," असे म्हणून जिभेला वेखंड लावतो. साधारणपणे वर्षाचे मूल एखादा शब्द बोलते, दोन वर्षांचे दोन शब्द जोडते. तसे झाले नाही तर आधी कान तपासावेत. जे ऐकू येत नाही ते मूल बोलेल कसे? ही तपासणी जन्मानंतर काही दिवसांतही होते. टाळू दुभंगलेल्या मुलाला शस्त्रक्रियेनंतरही बहुधा उच्चार शिकवावे लागतात.

मुंबईच्या नायर रुग्णालयात या विद्येचे शिक्षण १९६६ साली सुरू झाले. १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निघाली. पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. २०१६ च्या कायद्याने वाचा व भाषा यांतील अपंगत्वाला मान्यता दिली आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

पण भाटघरच्या पाण्याकाठच्या वाडीतून पुण्याला रोज कोण जाणार? ऐन लावणीत तर नाहीच. म्हणून मी स्पष्ट सांगतो: तज्ज्ञ वाट दाखवील, ती रोज चालायची आहे घरच्यांनी. दिवसातून थोडा थोडा वेळ, कंटाळा न करता. सगळेच शब्द परत येतील, असे वचन कोणी देऊ नये. पण आजोबांनी 'दिवा' म्हटल्यावर नातीने तांब्या पुढे केला आणि विचारले, "पाणी हवं ना?", तर त्यांची मान हलेल. मग त्यांना नीट बसवून, तज्ज्ञाने सांगितले असेल तसेच ते पाणी द्यावे.