मोतीबिंदूनंतरचा पहारा

मोतीबिंदु म्हटला, कीं पांढऱ्या केसांचे आजोबा डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु हा विकार पाळण्यांतल्या बालकालाहि सोडीत नाहीं. बाहुलींत पांढरी झांक दिसते, मूल आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवीत नाहीं, आणि घरांत धांवपळ सुरू होते. शस्त्रक्रिया होते, बाहुली स्वच्छ काळी दिसूं लागते व आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. खरा पहारा मात्र येथूनच सुरू होतो.

मोतीबिंदु काढलेल्या अशा कोंवळ्या डोळ्यांत पुढें काचबिंदु शिरण्याचें भय असतें. डोळ्यांत एक निर्मळ पाणी सतत उत्पन्न होतें आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळींतून निचरून जातें. हा निचरा मंदावला, कीं आंतील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारा दृष्टितंतु हळूहळू सुकतो. सुकलेला तंतु पुन्हां टवटवीत होत नाहीं.

अमेरिकेंत २००४ ते २००९ या काळांत, एका डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदु असलेलीं, एक ते सहा महिन्यांचीं ११४ बालकें एका अभ्यासासाठीं निवडण्यांत आलीं. शस्त्रक्रियेनंतर निम्म्यांच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलें, निम्म्यांना बाहेरून लावावयाचें भिंग दिलें. दहा वर्षांत शेंकडा सुमारें २२ डोळ्यांत काचबिंदु ठरला. संशयित धरतां आंकडा ४० वर गेला. आंत भिंग बसविल्यानेंहि धोका टळला नाहीं.

शस्त्रक्रियेच्या वेळीं वय जितकें कमी, तितका हा धोका अधिक. मग थांबावें काय? तेंहि परवडत नाहीं; कारण पहिल्या कांहीं महिन्यांतच मेंदु पाहावयास शिकतो, आणि तो काळ अंधारांत गेला तर डोळा कायमचा मंद राहतो. म्हणून एका डोळ्याचा दाट मोतीबिंदु असल्यास तज्ज्ञ साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास शस्त्र हातीं घेतात.

उजेड न सोसणें, डोळ्यांतून पाणी वाहणें, बुबुळावरचा पारदर्शक पडदा धुरकट होणें, डोळा मोठा दिसूं लागणें, हीं तान्ह्या मुलांतील लक्षणें होत. मोठ्या मुलांत मात्र पुष्कळदां कांहींच दुखत-खुपत नाहीं. मूल शाळेंत जातें, खेळतें, आणि 'आतां कशाला दाखवावयाचें?' असें घरांत वाटूं लागतें. चोर शिरतो तो याच वेळीं. वेळीं दाब मोजला, तर थेंबांच्या औषधानें, न भागल्यास पुन्हां शस्त्रक्रियेनें, उरलेली दृष्टि राखतां येते. गेलेली मात्र परत मिळत नाहीं.

मुलाचा वाढदिवस कोणतेंहि घर विसरत नाहीं. नेत्रतपासणीची तारीखहि तितक्याच निष्ठेनें, तें मूल मोठें झाल्यावरहि, पाळली गेली पाहिजे.