मोटारीचा आवाज आणि शेजारधर्म

यंत्राच्या आवाजाविषयीं मनुष्याची वृत्ति मोठी चमत्कारिक आहे. शिवणयंत्र खडखडूं लागलें कीं त्यास तेल हवें आहे हें गृहिणी तत्काळ ओळखते; पिठाची गिरणी निराळ्या सुरांत घरघरली तर गिरणीवाला ती थांबवून पाहतो. मोटारीच्या बाबतींत मात्र कित्येक हौशी तरुण मोठा आवाज म्हणजेच मोठी शक्ति असें समजतात, आणि पदरचे पैसे खर्चून तो विकत घेतात. कारखान्यांतून आलेला सायलेन्सर काढून त्याचे जागीं जवळजवळ मोकळा नळ बसविला कीं मोटार गर्जूं लागते. पहिले आठ दिवस ह्या गर्जनेचें कौतुक होतें. पुढें पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर तासभर एका वेगानें जाण्याचा प्रसंग आला म्हणजे तीच गर्जना डोक्यांत घण घालूं लागते, आणि हा आवाज घालवावा कसा, असा प्रश्न उभा राहतो.

पुण्यांत ही हौस वाढावी ह्यांत नवल नाहीं. पिंपरी-चाकणच्या परिसरांत मोटारी तयार होतात. वाहनांची परीक्षा करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ सालीं स्थापन झाली, ती वेताळ टेकडीवर आहे. म्हणून ह्या आवाजाचें शास्त्रहि पुणेकरांनीं समजून घेणें उचित होय.

चार सिलिंडरांच्या नेहमीच्या एंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. एंजिन मिनिटास २४०० फेरे करीत असेल तर सेकंदास ८० वेळां तप्त वायूचा लोंढा नळांत घुसतो. त्यांतून सेकंदास ८० कंपनांचा खर्जांतला घुमारा उत्पन्न होतो. मूळ सायलेन्सरांत लहानमोठे कप्पे असतात. त्यांच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मागून येणाऱ्या लहरींशीं भिडून परस्परांस नाहींशा करतात. हौसेच्या सायलेन्सरांत बहुधा छिद्रांची सरळ नळी व तिच्याभोंवतीं कांचतंतूंचें वेष्टन एवढेंच असतें. हें वेष्टन तीव्र सुरांचा कर्कशपणा शोषून घेतें, पण खर्जाला वाट देतें. एका ठराविक वेगाला हा खर्ज मोटारीच्या आंतील हवेशीं जुळला कीं सारी मोटार नगाऱ्यासारखी घुमूं लागते.

उपाय करण्यापूर्वीं आवाजाची जात ओळखली पाहिजे. एंजिन थंड असतां ‘टकटक’ ऐकूं येऊन तें तापल्यावर कमी झाली, तर सांध्यांतून वायु गळत असल्याचा संशय घ्यावा. धातु प्रसरण पावून फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. येथें गॅसकेट बदलणें व सांधा घट्ट करणें हाच इलाज. ही दुरुस्ती मात्र लांबणीवर टाकूं नये, कारण गळणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि बंद जागेंत तो प्राणघातक ठरतो. ‘खडखड’ होत असेल तर उष्णता अडविणारा पत्रा सैल झाला असेल किंवा नळ तोलून धरणारें रबर झिजलें असेल. पाय सोडतांच ‘फट फट’ होत असेल तर न जळलेलें पेट्रोल तप्त नळांत पेट घेत आहे असें समजावें. तेथें पेट्रोल व हवा यांचें प्रमाण तपासावें लागतें. ह्यांपैकीं कांहींच नसून एकाच वेगाला घुमारा उठत असेल, तरच तो वर सांगितलेला खर्जाचा दोष होय.

ह्या दोषावर एक चतुर तोड आहे. मुख्य नळाला एक आंधळी, म्हणजे टोंक बंद असलेली, शाखा जोडतात. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी असावी लागते. साध्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. ह्या तप्त वायूंत तो ४५० मीटरांच्या आसपास जातो असें धरल्यास ८० कंपनांची लहर सुमारें ५.६ मीटर लांब होते व शाखेची लांबी १.४ मीटर येते. शाखेंत शिरलेली लहर परत येईपर्यंत अर्ध्या लहरीनें मागें पडते व मुख्य लहरीस मारून टाकते. वायूचें तापमान बदललें कीं हिशेबहि बदलतो. म्हणून कुशल कारागीर अखेरची लांबी प्रयोगानेंच ठरवितो.

तथापि ही शाखा म्हणजे एका फेरबदलावर दुसरा फेरबदल. शर्यतीच्या मैदानावरील मोटारीस ती शोभते. रस्त्यावरच्या मोटारीस मूळ सायलेन्सर परत बसविणें हाच निर्दोष उपाय आहे. केवळ शेवटचा डबा बदलून मिळणारी शक्ति बहुधा नगण्य असते. आवाज मात्र खचित वाढतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें निर्मात्यानें नमूद केलेल्या स्वरूपांत मनास येईल तसा बदल करण्यास मनाई केली आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें दंड वाढविले आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. रुग्णालयें व शाळा यांभोंवतालच्या शांतता क्षेत्रांत ती ५० व ४० आहे. डेसिबलाचे दहा अंक वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हे आंकडे किती काटेकोर आहेत तें कळेल.

कायद्याहूनहि जवळची गोष्ट म्हणजे शेजार. जो खर्ज सायलेन्सरच्या वेष्टनास दाद देत नाहीं, तो घराच्या भिंतीसहि फारशी दाद देत नाहीं. सदाशिव वा नारायण पेठेच्या अरुंद गल्लींत रात्रीं अकरा वाजतां अशी मोटार गेली, तर खिडक्या लावूनहि आजारी म्हातारीची झोंप मोडते, तान्हें मूल दचकून उठतें, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलाचें चित्त विचलित होतें. मोटारवाल्याला जो घुमारा तासाभरांत असह्य होतो, तोच रस्त्याकांठच्या घरांना रोज सोसावा लागतो. फरक इतकाच कीं त्यांना मोटार थांबवितां येत नाहीं.

उत्तम यंत्राची खरी कसोटी त्याच्या गर्जनेंत नाहीं. शक्ति पुरेपूर आहे आणि तरीहि शेजारीं कोणाची झोंप मोडत नाहीं, अशी मोटार बाळगण्यांतच खरी रसिकता आहे.