पहिली चिमूट

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



तंबाखूचा विषय निघाला की चर्चा बहुधा कर्करोगापासून सुरू होते. रुग्णालय, शस्त्रक्रिया, कर्जात बुडालेले कुटुंब ही चित्रे खरी आहेत. परंतु ती अखेरची चित्रे होत. व्यसनाचा उगम त्याच्या कितीतरी वर्षे आधी, शाळकरी वयात झालेला असतो. २०१९ मध्ये देशभर झालेल्या युवक तंबाखू पाहणीत १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. ज्यांनी तंबाखू तोंडात धरली होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांनी हा पहिला अनुभव वयाची १० वर्षे पुरी होण्यापूर्वीच घेतला होता. चौथी-पाचवीतील मुलाला ही वस्तू कोठून मिळते, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता त्याचे उत्तर घराच्या उंबरठ्याच्या आतच सापडते. २०१६-१७ च्या पाहणीनुसार राज्यातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे येथील खरा शत्रू सिगारेट नसून मिश्री, मळलेली तंबाखू, मावा आणि विदर्भातील खर्रा हा आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री आजी सकाळी दातांना लावते आणि नातवंडे ते पाहत असतात. ‘जा, पुडी घेऊन ये’ म्हणून वडील मुलाच्याच हातावर पैसे ठेवतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो; पण मुलाच्या मनात तंबाखू ही मीठमिरचीसारखी घरातली वस्तू ठरून जाते.

शरीराच्या दृष्टीने मात्र ती तशी नाही. तंबाखूत चुना मिसळला म्हणजे तिच्यातील निकोटिन तोंडाच्या त्वचेतून अधिक वेगाने रक्तात शिरते. वाढत्या वयातील मेंदू या द्रव्याच्या लवकर अधीन होतो. सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्या सततच्या सेवनाने गालांच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मुलाला स्वतःची तीन बोटे उभी जुळवून तोंडात घालता येत नसतील, तर त्याला विलंब न लावता दंतवैद्याकडे पाठवावे. ही साधी परीक्षा शिक्षकाला वर्गातही घेता येते.

आता या जुन्या व्यसनाला नवे रूप लाभले आहे. ई-सिगारेट हे बॅटरीवर चालणारे उपकरण निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याची वाफ करते. त्याला फळांचा व मिठाईचा स्वाद असतो, आकार पेनासारखा असतो, आणि धुराचा वास नसल्याने पालकांच्या ते ध्यानातही येत नाही. ‘यात तंबाखू नाही’ असे मुलांना सांगितले जाते. परंतु गुलाम करणारे निकोटिन बहुतेक वेळा त्यात असतेच. केंद्र शासनाने २०१९ मध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्यांची वाण नाही. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीस २०२० मध्ये मनाई झाली. कारण सुटी सिगारेट मुलाच्या खिशाला परवडते आणि पाकिटावरील इशारा त्याच्या दृष्टीस पडत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बालकाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उणीव आहे ती अंमलबजावणीची; आणि गावात ती कोणी परका येऊन करणार नाही.

ग्रामपंचायतीने शाळेपासूनचे अंतर टेपने मोजून तेथे पिवळी रेषा आखावी. त्या रेषेच्या आत टपरी असेल तर टपरीधारकाच्या पोटाचा विचार करून त्याला दुसरी जागा किंवा दुसरा माल सुचवावा. तरीही तो ऐकत नसेल तर कायद्याचा आधार घ्यावा. ‘मुलांना पुडी आणायला पाठवणार नाही’ असा ठराव ग्रामसभेने संमत करावा. मात्र ज्या शिक्षकाच्या वा सदस्याच्या खिशात चुन्याची डबी आहे, त्याचा उपदेश मुले ऐकत नाहीत. म्हणून आरंभ तेथूनच झाला पाहिजे.

सापडलेल्या विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकू नये. शाळा सुटली की तो टपरीच्याच आश्रयाला जातो. त्याला समुपदेशन हवे, आणि त्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. जडलेले व्यसन सोडवणे कष्टाचे असते. पहिली चिमूट टाळणे त्या मानाने सोपे आहे, आणि ते प्रत्येक गावाच्या आवाक्यात आहे.