वाळलेला रंग आणि पक्का रंग

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद आज अनेक घरीं जोपासला जातो. जोडणी चिकाटीनें साधते. घात होतो तो रंगाच्या वेळीं.

एका महाविद्यालयीन मुलाचे आजोबा हवाई दलांत मिग-२१ विमानांची देखभाल करीत असत. १९६३ सालीं दलांत आलेलें हें विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजीं निवृत्त व्हावयाचें होतें. त्या दिवशीं आजोबांच्या हातीं त्याची १/४८ प्रमाणाची प्रतिकृति द्यावी, असें नातवानें ठरविलें. महिनाभर खपून त्यानें ती जोडली, भाद्रपदाच्या पावसांत तिला रुपेरी ॲक्रिलिक रंगाचा एक जाड हात दिला आणि दुसऱ्या दिवशीं नाकाचा शंकु हिरवा करण्यासाठीं कडेला चिकटपट्टी लावली. पट्टी काढतांच तिच्याबरोबर रुपेरी रंगाचा पापुद्राही सोलून निघाला.

ॲक्रिलिक रंगांत त्या द्रव्याचे सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात. पाणी उडून गेलें कीं ते परस्परांस भिडतात आणि एकजीव होऊन सलग थर बनतो. हा थर अर्ध्या तासांत बोटाला कोरडा लागतो. परंतु आंतील उरलेला ओलावा व द्रावकें निघून तो पक्का होण्यास कित्येक दिवस लागतात. दमट हवेंत हा काळ वाढतो. थर जाड असल्यास वर साय धरते व आंतला ओलावा कोंडतो.

दुसरें कारण पृष्ठभागाचें. पॉलिस्टायरीन हें प्लॅस्टिक लाकडाप्रमाणें रंग शोषीत नाहीं. शिवाय भाग साच्यांतून सुटावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यावर राहूं शकतो. बोटांचें तेल निराळेंच.

आजोबा रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अरे, भिंतीला चुना देण्यापूर्वीं ती झाडून घेतात ना? तूं विमान धुतलें होतेंस का?"

"नाहीं, आजोबा."

"मग पुन्हां पहिल्यापासून."

खिडक्या उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें उरलेला रंग काढण्यांत आला. ॲसिटोनला मात्र आजोबांनीं हात लावूं दिला नाहीं. तें प्लॅस्टिकही विरघळवितें. मग कोमट पाणी, भांडीं घासण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश यांनीं विमान धुतलें, स्वच्छ पाण्यानें खळबळलें व न पुसतां वाळविलें. हजार नंबरच्या पॉलिश कागदाचा हलका हात फिरवून धूळ काढली आणि पुढें हातमोजे घालूनच तें हाताळलें. त्यावर प्रायमरचा पातळ थर आला. द्रावकयुक्त प्रायमर प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित् मऊ करून त्याला घट्ट धरतो आणि पुढील रंगास आधार देतो. एक दिवस गेल्यावर रुपेरी रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकामध्यें पुरेसा अवकाश ठेवून, देण्यांत आले.

त्याच वेळीं सुट्या भागांच्या उरलेल्या चौकटीवरही सर्व थर तसेच दिले. नखाची परीक्षा त्या तुकड्यावर घ्यावयाची, विमानावर नव्हे. रंगाचा वास येत असेल किंवा नखाचा वण उठत असेल, तर थांबावयाचें.

२६ तारीख उजाडली. निरोपाचा सोहळा दूरदर्शनवर चालला असतां प्रतिकृति पालथ्या खोक्याखालीं होती आणि तुकड्यावर नख उमटत होतें. नातू म्हणाला, "आज पट्टी लावून पाहूं का?"

आजोबांनीं पडद्यावरची दृष्टि न काढतां मान हलविली. "विमान वेळेवर सुटलें नाहीं तर लोक कुरकुरतात. पण कच्चें काम करून तें सोडणें आमच्या हातून कधीं झालें नाहीं."

आणखी पांच दिवस गेले. नख उमटेनासें झालें. नातवानें नवी चिकटपट्टी आधीं मनगटावर लावून तिचा चिकटपणा कमी केला, मग ती विमानावर बसविली, हिरवा रंग पातळ हातानें दिला आणि पट्टी मागें दुमडून अगदीं हळू ओढली. रुपेरी रंग जागचा हलला नाहीं. आजोबांनीं चष्मा पुसून शंकूची कड निरखली व विमान उचलून आपल्या मेजावर ठेविलें.